छपरावरची वीज : भाग ५ – दोर, पत्रा आणि न मिटणारा करंट

मागच्या आठवड्यात अनुदानाचा हिशेब मांडला होता. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या सौर संचाला ७८ हजार रुपये मिळतात. आज तो संच वर चढवणाऱ्या पोरांबद्दल.

५४० वॉटचं एक पॅनेल सव्वादोन मीटरच्या वर लांब आणि २७-२८ किलोंचं असतं. तीन किलोवॉटला अशी सहा लागतात. जिन्याच्या वळणावर ती अडतात, म्हणून बाहेरून दोराने ओढून घेतात. वरचा माणूस कठड्यावर ओणवा, दोन्ही हात दोरात गुंतलेले. वारा सुटला की पॅनेलचं शीड होतं आणि ओढणाराच ओढला जातो. कठडा नसलेल्या गच्चीवर तर विचारूच नका.

सेफ्टी बेल्ट असतो, निदान फोटोपुरता. पण तो अडकवलाय कशाला? कुठे टाकीच्या पाइपाला, कुठे नट न आवळलेल्या स्ट्रक्चरला. नुसता कमरपट्टाही कामाचा नाही. पडताना सगळा हिसका पोटावर आणि मणक्यावर येतो. खांदे-मांड्यांना धरणारा, पाठीवर कडी असलेला हार्नेस हवा. दोराच्या लांबीकडे मात्र कोणीच बघत नाही. दोन मीटरचा दोर आणि हिसका शोषणारी पट्टी मिळून माणूस हवेत थांबायला पाच-सहा मीटर खोली लागते. एकमजली घराची उंची असते तीन-साडेतीन मीटर. म्हणजे दोर ताणला जायच्या आत माणूस जमिनीवर! अशा घरावर दोर इतका आखूडच बांधायचा, की कडेपर्यंत पाय पोचणार नाही.

पोल्ट्री, गोठे, कारखान्यांच्या शेडवर सिमेंटचे पत्रे असतात. जुना पत्रा आधी सूचना देऊन मोडत नाही. ‘बोल्टच्या रेषेवरून चाल’ हा मिस्त्रींचा सल्ला पुरेसा नाही. पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या दांड्यांवर, टेकणाऱ्या रुंद फळ्या आणि खाली जाळी लावल्याशिवाय वर चढूच नये.

आता करंट. पॅनेलला स्विच नसतो. ऊन आहे तोवर तारेत दाब आहेच. सहा पॅनेल एका माळेत जोडली की सुमारे तीनशे व्होल्ट डीसी. घरातली एसी सेकंदाला शंभरदा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीत तो मिळत नाही. चालू संचाचा कनेक्टर उपसला की ज्वाळेसारखी आर्क धरते. म्हणून आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर, आणि मगच कनेक्टरला हात. एवढं करूनही पॅनेलकडून येणारी तार जिवंतच राहते. शिवाय उंचावर छोटा झटकाही पुरतो, माणूस दचकून मागे सरतो.

हार्नेस, फळ्या, जादा माणूस हे सगळं पहिल्यांदा कापलं जातं ते सर्वात स्वस्त कोटेशनमध्ये. तेव्हा वाचकहो, कोटेशन मागवताना या वस्तू आणि मजुरांचा विमा कागदावर लिहून घ्या. चार पैसे जास्त पडले तरी द्या.

(पुढील भागात : नेट मीटर)