गुण्यातला उजेड

आठवीत आमची आठवड्यातून एकदा वर्कशॉपची पाळी असायची. खाकी एप्रन, हातात कानस आणि व्हाइसमध्ये आवळलेला लोखंडाचा एक तुकडा. त्या तुकड्याला सगळे ‘जॉब’ म्हणत. या शब्दाचा नोकरी असाही अर्थ होतो हे आम्हाला बरंच पुढे कळलं. चारही कडा घासून एकमेकींशी काटकोनात आणायच्या, एवढंच काम. सर जॉबला गुण्या लावून तो खिडकीकडे धरत. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ दिसली की जॉब परत. भूगोलाच्या पेपरात सरांच्या मागे लागून अर्धा गुण वाढवून घेता यायचा, पण उजेडाकडे काय मागणार? तिसऱ्या खेपेला माझा जॉब काटकोनात बसला, तेव्हा तो मापाला दोन मिलिमीटर कमी भरला होता.

गावात आमच्याबद्दल ‘याने टेक्निकल घेतलंय’ असं म्हणत. म्हणण्यात थोडं कौतुक असे आणि थोडी काळजीही. दहावीनंतर पॉलिटेक्निकच्या प्रवेशात टेक्निकलच्या मुलांसाठी काही जागा राखीव असत, म्हणून कौतुक. आणि काळजी अशी, की पोरगं हातात पाना घेऊनच राहिलं तर?

या काळजीचं मूळ शोधायला मागे जावं लागतं. शाळेत हाताला जागा द्या, ही मागणी आपल्याकडे नवी नाही. 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी खेड्यातल्या प्राथमिक शाळेत मोडी, बालबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञानही शिकवावं असं म्हटलं होतं. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची नई तालीम झाकिर हुसेन समितीच्या हाती आली. हस्तोद्योग हा वेगळा तास नव्हे, त्याच्याभोवतीच गणित, भूगोल, इतिहास गुंफायचा, ही तिची मूळ कल्पना. टकळी शाळाशाळांत पोचली, गुंफण मात्र वर्ध्यातच राहिली. पुढे 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचवला. तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. दिवाळीच्या सुट्टीआधी घोटीव कागदाचा आकाशकंदील करायचा, तो पाच मिनिटं शिक्षकांच्या टेबलावर ठेवायचा आणि प्रगतिपुस्तकात ‘अ’ श्रेणी घ्यायची. कंदील आईने केला की मामाने, हे कुणी विचारत नसे. त्याला गुण्या लावणारं कुणी नव्हतं.

सरकारी उद्दिष्टांचे आकडे एकाखाली एक मांडले की मजेशीर दिसतात. कोठारी आयोगाच्या हिशेबाने 1986 पर्यंत उच्च माध्यमिकची निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळायला हवी होती. 1986 उजाडलं ते नवं शैक्षणिक धोरण घेऊन, आणि त्यात उद्दिष्ट आलं 1990 पर्यंत 10 टक्के, 1995 पर्यंत 25 टक्के. 2020 च्या धोरणात 50 टक्के परत आले, मुदत 2025. या खेपेला शाळा आणि महाविद्यालयं दोन्ही धरली आणि नुसता ‘परिचय’ झाला तरी पुरे, अशी सवलतही दिली. त्याच धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेचा दाखला आहे: 19 ते 24 वयाच्या भारतीय कामगारांत औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले 5 टक्क्यांहून कमी; अमेरिकेत 52, जर्मनीत 75, दक्षिण कोरियात 96.

मधल्या काळात महाराष्ट्रात काहीच झालं नाही असं नाही. अकरावी-बारावीला एमसीव्हीसी म्हणजे किमान कौशल्यांवर आधारित अभ्यासक्रम आले. त्यातून बाहेर पडलेल्या अनेकांनी गावोगाव मोटार रिवाइंडिंगची दुकानं थाटली. पण मध्यमवर्गीय घरांत गाजलं ते बायफोकल. कागदोपत्री त्याचं नाव द्विलक्ष्यी, आणि ते नको इतकं खरं ठरलं. सायन्सच्या मुलाने दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडून 200 गुणांचं इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स किंवा स्कूटर-मोटारसायकल दुरुस्ती घ्यायची, म्हणजे बारावीनंतर हाताशी एक कसब राहील, असा हेतू. पालकांनी हिशेब वेगळा मांडला. मराठीत 100 पैकी 70 मिळाले तरी नशीब. प्रात्यक्षिकाच्या विषयात मार्क भरभरून पडतात. इंजिनिअरिंगचे प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर ठरायचे त्या दिवसांत ज्या महाविद्यालयात बायफोकल, त्याचा कटऑफ चढा. स्कूटर उघडायला शिकवणारा विषय स्कूटरला कधीही हात लावणार नसलेल्या मुलांनी बळकावला, आणि त्यासाठी बळी दिला मराठीचा. व्यवसाय शिक्षणाच्या आपल्या इतिहासातली ही सर्वांत लोकप्रिय योजना असावी.

याच काळात पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळ नावाच्या कोरडवाहू गावी, वेगळा प्रयोग चालू होता. पाबळ लोकांना माहीत असतं ते मस्तानीच्या समाधीमुळे. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचे पीएच.डी.; मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात वरच्या पदावर होते. ती नोकरी सोडून त्यांनी 1983 मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांनी उभ्या केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचं पाठबळ त्यांच्यामागे होतं. कलबागांचं म्हणणं साधं होतं. मूल शाळेत जाण्याआधी चालायला, बोलायला शिकतं ते करून करून. मग शाळेत पाऊल टाकल्यावर ही पद्धत बंद का पडावी?

आश्रमात शाळा सुटलेल्या मुलांसाठी एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम झाला, आणि गावातल्या माध्यमिक शाळेसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’, म्हणजे आयबीटी. आठवी ते दहावीच्या सगळ्या मुलामुलींनी आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करायचं. एकाच धंद्याला जुंपायचं नाही, चारही विभागांत फिरायचं: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. मुली वेल्डिंगचा काळा चष्मा लावतात आणि मुलगे स्वयंपाकाची पोषणमूल्यं मोजतात. आरोग्याच्या तासाला बोटाला सुई टोचून रक्तगट पाहायचा, हिमोग्लोबिन मोजायचं. काचपट्टीवर रक्ताच्या थेंबाची गुठळी होताना पाहिलेल्या मुलीला जीवशास्त्राचा तो धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

खरी खुबी मात्र दुसरीकडे आहे. गावाची छोटी कामं शाळा घेते: मातीची तपासणी, घरातल्या वायरिंगचा बिघाड, लोखंडी टेबल. मजुरी बाजाराहून कमी, पण गिऱ्हाईक खरं. शिकवणारे बहुतेक आसपासचेच कारागीर किंवा आश्रमातून शिकून गेलेले तरुण. बी.एड. नसलेल्या माणसाला वर्गात उभं करायचं, हे कुठल्याही शिक्षण खात्याला पचायला जडच. तरी हा अभ्यासक्रम पाबळबाहेर गेला, लेंड अ हँड इंडिया या संस्थेच्या साथीने बऱ्याच शाळांत पोचला, आणि आता ‘मल्टी स्किल’ या नावाने सरकारी चौकटीतही बसला आहे. आश्रम स्वतःही थांबला नाही. जुन्या जीपचे भाग वापरून छोटा ट्रॅक्टर, विहिरीची जागा शोधायला जमिनीचा विद्युतरोध मोजणं, घुमटाकार घरं अशा उद्योगांत मुलं वाढली. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावरच्या आराखड्यावरून वस्तू घडवायची कार्यशाळा, उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या काहींपैकी ती एक. कलबाग 2003 मध्ये गेले.

तरीही हातकामाच्या शाळेबद्दलची शंका निव्वळ पांढरपेशा तोरा नव्हे. 1953 मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी शाळा अर्ध्या वेळेची केली. उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा असं ठरलं. घरचा धंदा म्हणजे जातीचा धंदा, हे लोकांनी लगेच ओळखलं. आंदोलन पेटलं आणि 1954 मध्ये कामराज सरकारने ती योजना मागे घेतली. कुंभाराच्या पोराने कुंभारच व्हावं असा वास ज्या अभ्यासक्रमाला येतो, त्याच्याकडे कुंभार पाठ फिरवणारच. मला पाबळचं मोल वाटतं ते याच जागी. तिथे विषय सगळ्यांना आहे. नापास होणाऱ्यांची वेगळी तुकडी काढून तिच्या हाती करवत दिलेली नाही.

आता शाळांत नववीपासून ऑटोमोटिव्ह, रिटेल, ब्यूटी अँड वेलनेस असे विषय आले आहेत, एनसीईआरटीने सहावीसाठी ‘कौशल बोध’ काढलं आहे. पुस्तकं बरी आहेत. पण शिकवणारे बहुतेक बाहेरच्या संस्थेमार्फत कंत्राटी. आज हा तर उद्या तो, अशा शिक्षकाच्या हातून कानस धरायला शिकणं अवघड. ती धरावी कशी हे मनगटाजवळ उभं राहून दाखवावं लागतं.

माझा तो दोन मिलिमीटर आखूड जॉब सरांनी भंगाराच्या पेटीत टाकला. पेटीत तसे शेकडो होते, कुणाच्याही उपयोगाचे नसलेले, अगदी काटकोनी. आयबीटीच्या मुलांनी गावात कुणाला करून दिलेल्या फाटकाचा टाका सुटला, तर फाटक शाळेत परत येतं, बहुधा मालकाच्या शिव्यांसकट. मग ग्राइंडरने जुना टाका घासायचा, कडा साफ करायच्या, वायर जोडायची आणि चष्मा खाली ओढून पुन्हा सुरुवात करायची.