आधी पोटोबा, मग माऊसट्रॅप



उन्हाळा आला की आपल्यापैकी निम्म्या घरांत आई-बाबा आलेले असतात. टॉवर ब्रिज, मादाम तुसाँ झालं की यादीतलं पुढचं नाव ठरलेलं असतं : वेस्ट एंडचं एक नाटक. तिकिटांसाठी आपण महिनाभर आधीपासून शोधाशोध करतो. जेवायचं कुठे, हा प्रश्न मात्र लेस्टर स्क्वेअर स्टेशनच्या जिन्यावर सुचतो. आमचंही तेच झालं होतं.

साल २००९. आईला रहस्यनाटकांचं भारी वेड, म्हणून सेंट मार्टिन्स थिएटरमध्ये 'माऊसट्रॅप' ठरवलं. १९५२ पासून चाललेलं नाटक म्हटल्यावर बाबाही खूष! प्रयोग साडेसातचा, आम्ही सव्वासहाला जवळच्याच एका झकपक रेस्टॉरंटात शिरलो. बाबांना मधुमेह. बसल्या बसल्या सवयीने त्यांनी गोळी घेतली. दादरला ते बरोबर होतं, कारण तिथे गोळी आणि पोळी यांच्यात पाच मिनिटांचं अंतर. इथे पाऊण तास झाला तरी ताटाचा पत्ता नाही. आलं तेव्हा सात वाजून गेले होते. चार घास खाऊन, तिघांचे बहात्तर पौंड मोजून आम्ही अक्षरशः पळत सुटलो.

पहिला अंक अर्धा झाला असेल. बाबांचा हात माझ्या हातात आला तो गार आणि घामेजलेला. "जरा गरगरतंय रे," एवढंच म्हणाले. दाराशी उभ्या असलेल्या मुलीला मी खूण केली. तिने आम्हाला बाहेर नेलं, बाबांना खुर्ची दिली आणि बारमधून संत्र्याचा रस आणला. वीस मिनिटांत बाबा सावरले. मी मात्र त्या रात्री झोपलो नाही. बहात्तर पौंड गेल्याचं दुःख नव्हतं हो. आपल्या गावात आलेल्या म्हाताऱ्या बापाला वेळेवर चार घास घालता आले नाहीत, हे लागलं.

बाबांचं म्हणणं साधं होतं. "शिवाजी मंदिरला मध्यंतरात बटाटेवडा असतो. इथे आइस्क्रीम! नाटक कळलं यांना, पोट नाही कळलं."

तेव्हापासून मी हा विषय जरा मनावर घेतला. हाती लागलं ते असं :

१) सोहो स्ट्रीटवरचं 'गोविंदाज'. इस्कॉन मंदिराचं, पूर्ण शाकाहारी, कांदा-लसूण नाही. टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनहून दोन मिनिटं. ताट समोरच वाढून मिळतं, त्यामुळे वाट बघणं नाही. चातुर्मास पाळणाऱ्या आईंसाठी उत्तम.

२) फिट्झरॉय स्क्वेअरचं इंडियन वायएमसीए. ट्रे घ्यायचा, हवं ते उचलायचं, कॉलेजच्या मेससारखं. वरण, भात, भाजी. मला ते दुपारच्या प्रयोगाआधी सोयीचं पडतं : बाराच्या सुमाराला जेवायचं, वॉरन स्ट्रीटहून नॉर्दर्न लाइनने तिसरं स्टेशन लेस्टर स्क्वेअर.

३) युस्टनमागची ड्रमंड स्ट्रीट. दोसे, भेळपुरी, मिठाईची दुकानं. चालत लांब पडते, पण ट्यूबने चार स्टेशनं.

४) ट्रफाल्गर स्क्वेअरला सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चच्या तळघरातला कॅफे. सूप, ब्रेड, गरम पुडिंग. पायाखाली जुन्या थडग्यांच्या शिळा आहेत, हे आईला खाऊन झाल्यावर सांगावं!

५) जेरार्ड स्ट्रीटचा चायनाटाउन. नूडल्स झटपट येतात, बेकऱ्यांत बन मिळतात. शाकाहाऱ्यांनी मात्र रश्श्यात काय आहे ते आधी विचारावं.

थोडे पैशांचे व्यवहार. बिलात साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असतो तो बहुधा ऐच्छिक असतो. सेवा नीट नसेल तर काढायला सांगता येतो, लाजू नये. दारूचा परवाना असलेल्या ठिकाणी नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं, बाटली घ्यायची गरज नाही. थंड सँडविच बाहेर नेलं तर बहुधा व्हॅट नसतो, तिथेच बसून खाल्लं तर असतो, म्हणून एकाच सँडविचला दोन दर. आणि 'प्री-थिएटर मेनू' अशी पाटी दिसली की टेबलावर बसतानाच आपल्या प्रयोगाची वेळ सांगून टाकावी.

या यादीत एक नाव आता नाही. स्ट्रँडवरचा इंडिया क्लब. १९५१ साली सुरू झालेला, अरुंद जिना, साधी टेबलं, भिंतीवर जुन्या तसबिरी. २०१२ साली बाबा पुन्हा आले तेव्हा 'लायन किंग'च्या आधी त्यांना तिथेच नेलं. दोन जिने चढून धापा टाकत बसले, दोसा समोर आला, आणि मगच त्यांनी खिशातून गोळी काढली. मी काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये इंडिया क्लब बंद झाला. शेवटच्या आठवड्यात मी जाऊन आलो. बाहेर रांग होती. बाबा त्याआधीच गेले होते. दोसा एकट्याने खाल्ला.

तर मंडळी, आई-बाबांना नाटकाला जरूर न्या. पण साडेसातचा प्रयोग असेल तर साडेपाचला ताटावर बसवा, गोळी ताट आल्यावरच घेऊ द्या, आणि खिशात राजगिऱ्याची वडी ठेवा. माझ्या कोटात अजून असते.

तुमची ठिकाणं असतील तर जरूर कळवा, विशेषतः व्हिक्टोरियाच्या बाजूची. तिकडे माझी पाटी कोरी आहे.

लोभ आहेच, तो वाढावा.