आधी खुणा ठरवू, मग डायरी वाचू



पुढील सत्रात आपल्या विद्यालयाचे इतिहास मंडळ शाळेचे जुने वृत्तान्त-रजिस्टर वाचायला घेणार आहे. एकच वही वीस-पंचवीस मुलांनी मिळून वाचायची, तर प्रत्येकाने आपापल्या समजुतीने टिपणे काढून चालत नाही. हे काम कसे करावे, याचा एक उत्तम नमुना इंग्लंडमध्ये घडून गेला आहे. त्याची माहिती या अंकात देत आहोत.

पहिल्या महायुद्धात (१९१४–१९१८) ब्रिटिश सेनेच्या प्रत्येक तुकडीला रणभूमीवर रोजची डायरी लिहावी लागे. त्यासाठी छापील फॉर्म होता आणि त्यात ठिकाण, तारीख, वेळ, घटनांचा सारांश व शेरा असे रकाने होते. डायरी तुकडीतील एखादा अधिकारी लिही, पुष्कळदा पेन्सिलीने आणि घाईत. या डायऱ्या आज लंडनमधील क्यू येथे ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. जानेवारी २०१४ मध्ये हे अभिलेखागार, इम्पिरियल वॉर म्युझियम्स आणि झूनिव्हर्स यांनी मिळून ‘ऑपरेशन वॉर डायरी’ हा उपक्रम सुरू केला. झूनिव्हर्सचा उगम २००७ सालच्या एका प्रयोगात आहे. त्यात सामान्य नागरिकांनी घरबसल्या दीर्घिकांच्या छायाचित्रांचे वर्गीकरण केले होते. तीच रीत आता डायऱ्यांना लावायची होती.

पाने होती सुमारे १५ लाख! इतकी पाने अक्षरशः उतरवून काढायची म्हटली, तर एक पिढी खर्ची पडेल. म्हणून असे ठरले की स्वयंसेवकांनी सगळा मजकूर उतरवू नये. पानाच्या चित्रावर कामाच्या शब्दापाशी ‘टॅग’ लावावा. टॅग म्हणजे खुणेची चिठ्ठी. ही तारीख, हे ठिकाण, ही व्यक्ती, ही तुकडीची हालचाल, हे हवामान, हे हताहत, अशा चिठ्ठ्यांची यादी आधीच तयार होती. एकच पान अनेक जण स्वतंत्रपणे वाचत. पानावर जवळजवळ त्याच जागी, त्याच प्रकारच्या चिठ्ठ्या बहुतेकांनी लावल्या असतील तर ती नोंद पक्की मानायची, हे यातील मूळ सूत्र. एकट्याची चूक बहुमतात विरून जाते.

पण विद्यार्थ्यांनो, यात एक अट आहे. सर्वांनी चिठ्ठीचा अर्थ एकच धरला पाहिजे. दहा जण अक्षर बरोबर वाचतील आणि तरी दहा चिठ्ठ्या लावतील, तर संगणक काय जुळवणार?

काही उदाहरणे पाहा. डायरीत ‘फ्रेंच’ असा शब्द आला. ही व्यक्ती समजायची की फ्रान्सची सेना? दोन्ही शक्य आहे, कारण १९१५ च्या डिसेंबरपर्यंत तेथील ब्रिटिश सेनेचे प्रमुखच सर जॉन फ्रेंच होते. ‘रिलीव्ह्ड’ हा शब्द वारंवार येतो. नवखा वाचक त्याचा अर्थ ‘हायसे वाटले’ असा करील. सैन्यात त्याचा अर्थ एका तुकडीची जागा दुसरीने घेतली असा होतो. ठिकाणांचीही तीच गत. बेल्जियममधील ईप्रला इंग्रज शिपाई ‘वायपर्स’ म्हणत, तर प्लोगस्टीर्टचे त्यांनी ‘प्लगस्ट्रीट’ करून टाकले होते. रात्री अकराला सुरू झालेला मारा पहाटे दोनला थांबला, तर तो कोणत्या तारखेचा?

अशा प्रश्नांना पुस्तकात तयार उत्तर नसते. ती उत्तरे आपसांत बोलून ठरवावी लागतात, लिहून ठेवावी लागतात आणि नंतर येणाऱ्याला सांगावी लागतात. ठरलेले उत्तर सर्वांत विद्वत्तेचे असेलच असे नाही, पण सर्वांनी तेच पाळले तर मोजणी करता येते. एखादी तुकडी महिन्यातले किती दिवस पुढच्या खंदकात होती, किती दिवस प्रशिक्षणात, किती विश्रांतीत आणि किती वाटचालीत, हे चिठ्ठ्या एकसारख्या असतील तरच कळते. महायुद्ध म्हटले की रोजची लढाई डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात तुकड्या आळीपाळीने पुढे व मागे जात आणि शिपायाचा पुष्कळ काळ मागच्या भागात सराव, मेहनत-मजुरी व विश्रांती यांत जाई.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. डायरी लिहिणारा अधिकारी दुसऱ्या अधिकाऱ्याचे नाव लिही. साध्या शिपायाचे नाव मात्र क्वचितच येई. त्याच्यासाठी ‘ओ. आर.’ म्हणजे ‘अदर रँक्स’ ही दोन अक्षरे आणि पुढे आकडा. ‘व्यक्ती’ एवढीच चिठ्ठी ठेवली असती, तर सगळा इतिहास अधिकाऱ्यांचा झाला असता. हताहतांची वेगळी चिठ्ठी असल्यामुळे ती बिननावाची माणसे निदान आकड्यात तरी टिकली. म्हणजे चिठ्ठ्यांची यादी ठरवताना कोणाची नोंद राहणार आणि कोणाची पुसली जाणार, हेही ठरत असते.

या गोष्टीशी आपला मराठी माणसाचाही संबंध आहे. १९१४ च्या शरद ऋतूत लाहोर व मेरठ डिव्हिजन फ्रान्समध्ये उतरल्या. त्यांच्यातल्या लाहोर डिव्हिजनबरोबर पुण्याजवळच्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. या दलात मराठ्यांचीही भरती होत असे. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यूव्ह शापेल गावात ४७ व्या शीख पलटणीबरोबर या कंपन्यांनी हल्ला केला आणि त्यांची भयंकर हानी झाली. अशा दिवसाच्या नोंदीत परक्या अधिकाऱ्याच्या हातून हवालदाराचे नाव आलेच, तर ते इंग्रजी कानाला ऐकू आले तसे. ते वाचणाऱ्याने ‘नाईक’ हे आडनाव आहे की हुद्दा, हे ओळखणे किती गरजेचे! आडनाव समजून चिठ्ठी लावली, तर एका माणसाचा हुद्दा गेला आणि नसलेले आडनाव त्याला चिकटले.

आपल्या रजिस्टरमध्ये तोफा नाहीत, पण अडचणी याच आहेत. एके ठिकाणी ‘इंदूर’ आहे, दुसरीकडे ‘इंदौर’. जुन्या पानांवर ‘महू’ आहे, त्याचे नाव २००३ मध्ये डॉ. आंबेडकर नगर झाले. ‘गुरुजी’ म्हणजे नेमके कोण, हे पानागणिक बदलते. म्हणून इतिहास मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही चार नियम ठरवीत आहोत.

एक, पानावर जे लिहिले आहे तेच उतरवायचे, आपले शुद्धलेखन त्यात घालायचे नाही. आजचे नाव शेजारी वेगळे लिहायचे. दोन, प्रत्येक पान तिघांनी वेगवेगळे वाचायचे आणि आधी एकमेकांचे पाहायचे नाही. तीन, मतभेद झाला तर मोठ्या कक्षेतला विद्यार्थी म्हणून कोणाचे खरे धरायचे नाही. चर्चा करून ठरेल ते फळ्याशेजारच्या वहीत तारखेसह लिहायचे. चार, शिपाई, माळी, पाणी भरणारी बाई यांचा उल्लेख आला की त्याची चिठ्ठी लावायचीच, मग नाव असो वा नसो.

ज्या घरांत आजोबा-आजींना जुनी वळणे, विशेषतः मोडी, वाचता येत असतील, त्या पालकांनी विद्यालयाच्या कार्यालयात अवश्य कळवावे. शनिवारच्या तासाला त्यांचा सहयोग लाभला तर मुलांना मोठाच आधार होईल.