गाडीखाली न शिरता इंजिनचे ऑइल कसे बदलावे?



आज वस्तीवर एकटा ट्रॅक्टर नसतो. भाजीपाला बाजारात न्यायला पिकअप असते, दूध घालायला टेंपो असतो, कुणाच्या दारात जुनी जीप किंवा मोटारही उभी असते. या प्रत्येक इंजिनचे ऑइल ठराविक मुदतीत बदलावे लागते. पण तालुक्याचे गॅरेज लांब, हंगामात वेळ नाही, त्यामुळे "एवढा आठवडा जाऊ द्या" म्हणत काम पुढे ढकलले जाते. काही जण घरीच बदलतात, पण गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरतात. पहिल्या प्रकारात इंजिन जाते, दुसऱ्यात माणूस जाऊ शकतो. ऑइल वरूनच ओढून काढणारा हातपंप आता बाजारात मिळतो. तो कसा वापरावा, कुठे वापरू नये आणि निघालेल्या काळ्या ऑइलचे काय करावे, हे या पत्रकात पाहू.

ऑइल बदलायचे कशासाठी?

ऑइल फक्त वंगणाचे काम करते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते चार कामे करते. घासणाऱ्या भागांमध्ये पातळ थर धरते, पिस्टनची उष्णता वाहून नेते, काजळी व धातूचा कीस आपल्याबरोबर धुऊन आणते आणि आतल्या लोखंडाला गंज चढू देत नाही. काम करता करता त्यात काजळी, धूळ, थोडे न जळलेले डिझेल आणि पाण्याचा अंश मिसळत जातो. त्यात घातलेली रसायनेही संपत येतात. असे ऑइल थर धरत नाही. मग बेअरिंग खाल्ले जाते, रिंगा झिजतात आणि शेवटी क्रँक धरतो. चार-पाच लिटर ऑइल वाचवायला जावे आणि पुरे इंजिन उघडायची पाळी यावी, असा हा व्यवहार आहे.

मुदत कोणती धरावी? आपल्या गाडीच्या पुस्तिकेत दिली असेल तीच. पुष्कळ ट्रॅक्टरांना सुमारे २५० तास आणि नव्या ट्रॅक्टरचे पहिले ऑइल ५० तासांच्या आसपास असा हिशेब असतो. आजकालच्या बऱ्याच मोटारींना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते. जुन्या जीपगाड्यांची मुदत याहून कमी असते. गाडी कमी चालली तरी वर्ष भरले की ऑइल बदलावे. धुळीत, चिखलणीत किंवा सतत ओझ्याखाली काम असेल, तर थोडे अगोदरच बदललेले बरे.

डिझेल इंजिनचे ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे दिसू लागते. त्याने घाबरू नये. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. रंगावर न जाता तासांची नोंद पाहावी.

पंप काम कसा करतो?

आपल्याला विहिरीवरचा पंप ठाऊक आहे. सेक्शन पाईपमधली हवा निघाली की पाणी वर चढते. पाणी "ओढले" जाते असे आपण म्हणतो, पण खरे पाहता बाहेरची हवा पाण्यावर दाब देऊन ते पाईपात ढकलते. इटलीतील टोरिचेली या शास्त्रज्ञाने १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीचा प्रयोग करून हा हवेचा दाब दाखवून दिला. हा दाब समुद्रसपाटीला पाणी फार तर १० मीटरच्या थोडे वर चढवू शकतो. म्हणूनच पंप पाण्यापासून फार उंच बसवला तर पाणी उचलत नाही.

ऑइलचा पंप याच तत्त्वावर चालतो. एक घट्ट झाकणाची टाकी, तिच्यावर सायकलपंपासारखा दांडा आणि एक लांब बारीक नळी. ऑइल मोजायची पट्टी काढून त्या भोकातून नळी थेट चेंबरच्या तळापर्यंत सोडायची. दांडा मारला की टाकीतली हवा बाहेर पडते व आत पोकळी तयार होते. मग बाहेरची हवा चेंबरमधले ऑइल नळीतून टाकीत ढकलते. धार एकदा लागली की बराच वेळ आपोआप चालू राहते, ती मंदावली की आणखी चार-सहा दांडे मारावे.

कुठे वापरावा, कुठे नको?

जीप, पिकअप व मोटार यांना हा पंप फार सोयीचा, कारण त्यांच्याखाली शिरायला जागा नसते. पायात पक्के बसवलेले पाण्याचे इंजिन असेल आणि ड्रेन नटाखाली घमेले सरकवायलाही जागा नसेल, तर तिथेही तो उपयोगी पडतो. ट्रॅक्टर मात्र जमिनीपासून उंच असतो. त्याचा नट सहज हाताला येतो, तेव्हा नटातूनच ऑइल सोडणे चांगले. ट्रॅक्टरच्या गिअरचे व हायड्रॉलिकचे ऑइल मोजायला जास्त आणि बरेचदा जाड असते. त्याच्या नादी या छोट्या पंपाने लागू नये.

काही इंजिनांत पट्टीची नळी वाकडी असते किंवा तळाच्या सर्वांत खोल भागापर्यंत पोचत नाही. अशा ठिकाणी बरेच ऑइल आत राहते. आपल्या गाडीला पंप चालतो की नाही, याची परीक्षा सोपी आहे. पहिल्या वेळी पंपाने ऑइल काढून झाल्यावर गॅरेजमध्ये किंवा खड्ड्यावर गाडी घेऊन ड्रेन नट उघडून पाहावा. कपभर निघाले तर पंप चालेल. अर्धा लिटर निघाले तर त्या गाडीला पंप उपयोगाचा नाही.

पंप कितीही चांगला असला तरी तळाला बसलेला गाळ व धातूचा कीस पुरता ओढून घेत नाही. म्हणून दोन-तीन वेळा पंपाने बदलल्यावर एकदा तरी नट उघडून ऑइल सोडावे. नटाचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर त्या वेळी नवा घालावा आणि नट बेताने आवळावा. जोर लावून आटे गेले तर चेंबर उतरवायची वेळ येते.

ऑइल बदलण्याची रीत

१. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक लावावा, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत.

२. इंजिन चार-पाच मिनिटे चालवून बंद करावे व दहा मिनिटे थांबावे. कोमट ऑइल पातळ होते व लवकर चढते. थंड ऑइल काकवीसारखे अडते, तर उकळत्या ऑइलने नळी मऊ पडते व हात भाजतो. लांबून आलेली गाडी लगेच हाती घेऊ नये.

३. वरचे ऑइल भरायचे झाकण सैल करावे. भोवतालची धूळ पुसून मगच पट्टी काढावी.

४. पट्टी नळीशेजारी धरून तेवढ्या लांबीवर नळीला चिकटपट्टीची खूण करावी. पट्टीचे टोक तळाच्या थोडे वर असते, म्हणून नळी खुणेपेक्षा थोडी जास्त जाईल. तळ लागल्याचे हाताला कळते. त्यापुढे रेटू नये, नाही तर नळी आत वळून टोक वर येते आणि पंप नुसती हवा ओढतो.

५. दांडा मारून धार सुरू करावी. ऑइल संपून फुरफुर आवाज आला की नळी थोडी वरखाली, डावीउजवीकडे करून पाहावी. उरलेले पुष्कळदा असे निघते.

६. टाकीवरच्या खुणांवरून किती लिटर निघाले ते लिहून ठेवावे. टाकी काठोकाठ भरू देऊ नये.

७. फिल्टर बदलावा. जुना फिल्टर सोडवताना खाली भांडे धरावे. त्याची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. जुन्या रिंगवर नवी बसली तर ऑइल फवाऱ्यासारखे उडते. नव्या रिंगला ऑइलचे बोट लावावे, रिंग टेकेपर्यंत फिल्टर हाताने फिरवावा आणि फिल्टरवर लिहिले असेल तेवढेच, साधारण पाऊण फेरा, पुढे आवळावा. पाना लावू नये. काही गाड्यांचा फिल्टर खालच्या बाजूला असतो. तिथे खाली जावेच लागते, ते काम गॅरेजकडे द्यावे.

८. नरसाळ्याने नवे ऑइल भरावे. सगळे एकदम ओतू नये. समजा पुस्तिकेत फिल्टरसह ५ लिटर लिहिले आहे आणि पंपाने व फिल्टरमधून मिळून साडेचारच लिटर निघाले, तर अर्धा लिटर आतच आहे. आधी ४ लिटर भरावे, मग पट्टी पाहत थोडे थोडे वाढवावे.

९. इंजिन सुरू करून रेस न देता चालू ठेवावे. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद करावे. फिल्टरजवळ गळती पाहावी.

१०. बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा पट्टी पाहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेकडे असावे. वरच्या खुणेपेक्षा जास्त झाल्यास क्रँक ते घुसळतो, फेस होतो, सिलांतून गळती लागते. जादा झालेले ऑइल याच पंपाने काढता येते.

तारीख व तास किंवा किलोमीटर वहीत लिहून ठेवावेत.

कोणते ऑइल घ्यावे?

डब्यावर १५ डब्ल्यू-४० असे आकडे असतात. पहिला आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहते ते सांगतो, दुसरा गरम झाल्यावर किती जाड राहते ते. "जाड ऑइल घातले की इंजिन टिकते" ही समजूत सोडून द्यावी. पुस्तिकेतला आकडा व दर्जा दोन्ही पाहावेत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. या नियमांच्या पुष्कळ डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर काजळीचा फिल्टर असतो. त्यांना कमी राखेचे खास ऑइल लागते. ट्रॅक्टरच्या डब्यातले उरलेले ऑइल त्यात ओतले तर तो महागडा फिल्टर चोंदतो.

निघालेले ऑइल काय सांगते?

ऑइल दुधाळ किंवा चहासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, बहुधा हेडचे गॅस्केट गेले असेल. ऑइल न घालता पट्टीवरची पातळी वाढली आणि डिझेलचा वास आला, तर डिझेल गळून आत येत आहे. चमचमणारा कीस दिसला तर बेअरिंग खाल्ले जात आहे. यांपैकी काहीही दिसले तर नवे ऑइल भरून गाडी दामटू नये, जाणत्या मिस्त्रीला दाखवावी.

काळ्या ऑइलचे काय करावे?

काम इथे संपत नाही. आपल्याकडे काळे ऑइल ओढ्याकाठी, उकिरड्यावर किंवा बांधावर ओततात. ते पावसाबरोबर मुरते आणि विहिरीला लागते. पाण्यावर त्याचा पातळ तवंग दूरवर पसरतो आणि एकदा बिघडलेली विहीर लवकर सुधारत नाही. ज्या मातीत ते पडते तिथे पाणी नीट मुरत नाही, पीक उठत नाही.

काही जण खरजेवर उपाय म्हणून ते म्हशीच्या अंगाला चोळतात. हे करू नका. जनावर अंग चाटते आणि ते विष पोटात जाते. त्यातली काही द्रव्ये माणसाच्या कातडीलाही घातक आहेत. म्हणून हातमोजे घालावेत, नसतील तर काम झाल्याबरोबर साबणाने हात धुवावेत. चुलीत किंवा शेकोटीत जाळू नये, त्याचा धूर वाईट.

घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर "काळे ऑइल" असे लिहावे. खाण्याच्या तेलाच्या डब्यात किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये, लेकरांचा घात होतो. त्यात डिझेल, रॉकेल, पाणी मिसळू नये. कॅन भरला की जे गॅरेज किंवा सर्व्हिस स्टेशन जुने ऑइल परवानाधारक शुद्धीकरण करणाऱ्यांना देते, तिथे द्यावे. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले ऑइल येते, ते उघड्यावर टाकणे नियमबाह्य आहे. गावातल्या दहा-बारा घरांनी मिळून एक पिंप ठेवले तर खेप परवडते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : या पंपाने टाकीतले डिझेल किंवा पेट्रोल काढता येईल का?
उत्तर : मुळीच नाही. पेट्रोलची वाफ ठिणगीने पेट घेते. पंप फक्त ऑइलसाठीच ठेवावा.

प्रश्न : काढलेले ऑइल एअर क्लीनरच्या वाटीत चालेल का?
उत्तर : नाही. त्यात आधीच काजळी असते, ते धूळ कमी धरते. पुस्तिकेत सांगितलेले स्वच्छ ऑइलच घालावे.

प्रश्न : खाली शिरावेच लागले तर?
उत्तर : नुसत्या जॅकवर कधीही नाही. पक्के स्टँड किंवा रुंद, टणक लाकडी ठोकळे चासीखाली द्यावेत, गाडी हलवून पाहावी, मगच खाली जावे. विटा व फाड्या दगड भरवशाचे नाहीत, ते फुटतात.

लक्षात ठेवा : मुदत पाळा, ऑइल कोमट असताना काढा, निघाले किती ते मोजा, फिल्टर बदला, पट्टी पुन्हा पाहा आणि काळे ऑइल मातीत जाऊ देऊ नका. दोन-तीन घरांनी मिळून एक पंप घेतला तरी भागते, कारण हे काम काही रोजचे नाही. हे पत्रक गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा, म्हणजे वेळेला हाताशी येईल.