भांडणातील निःस्वार्थी तिसरा

दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ, अशी आपल्या भाषेत म्हण आहे. मालक व मजूर यांच्या कलहात असे लाभ साधणारे तिसरे पुष्कळ असतात. संपकाळात व्याजाने पैसे देणारा सावकार हा त्यांपैकी एक. स्वस्त मजूर पुरविणारा दलाल हा दुसरा. परंतु ज्याला त्या भांडणात काडीचाही लाभ नाही, असा तिसरा मध्ये उभा राहिला, तर तेच भांडण मिटण्याचा मार्ग निघतो. असा माणूस योगायोगाने भेटण्याची वाट न पाहता राज्यानेच तो नेमून ठेवावा, हा विचार फार जुना नाही.

१८८९ सालच्या ऑगस्ट महिन्यात लंडनच्या गोदीतील मजुरांनी संप पुकारला. रोज सकाळी गोदीच्या फाटकापाशी माणसांची झुंबड उडे. त्यांतील थोड्यांनाच काम मिळे, आणि तेही काही तासांपुरते. तासाला सहा पेन्स मजुरी मिळावी, एवढीच त्यांची मुख्य मागणी होती. संप महिनाभर चालला. तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे वयोवृद्ध कार्डिनल मॅनिंग मध्यस्थीस पुढे झाले. मालक वाढीव दर देण्यास राजी होते, पण तो नव्या वर्षापासून. मजुरांना तर तो लवकर हवा होता. कार्डिनलमहाशयांनी दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकले आणि ४ नोव्हेंबर ही मधली तारीख मजुरांच्या समितीस पटवून दिली. सप्टेंबरच्या मध्यास समेट झाला. पुढे दोनच वर्षांनी, १८९१ साली, पोप तेरावे लिओ यांनी श्रमिकांविषयीच्या आपल्या विश्वपत्रात, मालक वा मजूर यांपैकी कोणास अन्याय झाल्यासारखे वाटल्यास तो वाद विश्वासू व जाणत्या माणसांच्या समितीने मिटवावा, असे सुचविले.

परंतु प्रत्येक गोदीस मॅनिंग कोठून मिळणार? सत्पुरुषाचे मन मोठे असते, पण त्याचे आयुष्य मर्यादित असते. म्हणून १८९६ साली इंग्लंडात कायदा झाला. कलहाच्या कारणांची चौकशी करण्याचा आणि पक्षांनी मागणी केल्यास मध्यस्थ नेमण्याचा अधिकार त्यान्वये सरकारी खात्यास मिळाला. आपल्याकडे १९३४ साली मुंबई इलाख्यात समेटाचा कायदा झाला, आणि १ एप्रिल १९४७ पासून औद्योगिक विवाद कायदा लागू होऊन ‘समेट अधिकारी’ हे पद स्थिरावले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली असली, तरी हे पद तसेच राहिले आहे.

या अधिकाऱ्याचे काम नीट समजून घेतले पाहिजे. तो न्यायाधीश नव्हे. कोणावर निकाल लादण्याचा अधिकार त्याला नाही. विलंब न लावता वादाची चौकशी करणे, कारखान्यात जाऊन प्रत्यक्ष पाहणे, कागदपत्रे मागविणे आणि दोघांना न्याय्य समेटाकडे वळविणे, हे त्याचे कर्तव्य. त्याच्यापुढे काम चालू असताना मजुरांना संप करता येत नाही, आणि वादाशी संबंधित सेवेच्या अटी मालकाला मजुरांचे नुकसान होईल अशा रीतीने बदलता येत नाहीत. म्हणजे दोघांचेही हात काही काळ आवरले जातात. त्याने साधारणतः पंचेचाळीस दिवसांत आणि संपाची नोटीस आली असल्यास चौदा दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. समेट न झाल्यास पूर्वी सरकारने वाद न्यायाधिकरणाकडे सोपवावा लागे. आता पक्षांना नव्वद दिवसांत स्वतःच तेथे जाता येते.

तथापि सारे काही नेमणुकीने साधत नाही. मालकाच्या गाडीतून येणारा आणि पुढाऱ्याच्या घरी जेवणारा अधिकारी कागदावर कितीही निःपक्षपाती असला, तरी त्याच्या शब्दावर मजूर विश्वास ठेवणार नाही. पद सरकार देते. विश्वास मात्र त्याला स्वतःच्या वागणुकीने मिळवावा लागतो.

आपल्या गावांतील तरुण बेळगावच्या ओतकाम-कारखान्यांत, गोव्याच्या औषधांच्या कारखान्यांत आणि वडोदऱ्याच्या परिसरातील उद्योगांत कामास जातात. एखाद्यास अचानक कामावरून काढले, तर तो मुकाट्याने घरी येतो किंवा रागाच्या भरात फाटकावर दगड मारतो. दोन्ही गोष्टींनी घराची चूल पेटत नाही. एकट्या मजुरालाही बडतर्फीविरुद्ध समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. पंचेचाळीस दिवसांत मार्ग न निघाल्यास तो न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. मात्र हे सारे बडतर्फीपासून दोन वर्षांच्या आत व्हावयास हवे. नेमणुकीचे पत्र, हजेरीचा पुरावा आणि पगाराच्या पावत्या मातेने वा पत्नीने ट्रंकेत जपून ठेवाव्यात. चौकशीच्या दिवशी त्याच बोलतात. घरकामास जाणाऱ्या भगिनी मात्र या संहितेतील ‘उद्योग’ या व्याख्येबाहेरच आहेत, ही उणीव आम्हांस खटकते.

मालकांनाही आमचे एक सांगणे आहे. समेट अधिकाऱ्याचे बोलावणे हा अपमान समजून तारखांमागून तारखा चुकवू नयेत. समोरासमोर बसून बोललेला एक तास महिनाभराच्या टाळेबंदीपेक्षा स्वस्त पडतो. समेट करणारा माणूस न्यायाला मुरड घालीत नाही. संतापामुळे न्याय जो दुरावतो, त्याला तो परत जवळ आणतो.