जलसंजीवनीच्या पुडीतील मोल : ग्रॅम, मोल आणि कण यांच्या रूपांतराचे अध्यापन

रसायनशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासक्रमात मोल ही संकल्पना येते आणि बहुतेक ठिकाणी तेथूनच वर्गाचे दोन भाग पडतात. काही विद्यार्थी सूत्र पाठ करून गुण मिळवितात. उरलेले हा विषय आपला नव्हे असे मनाशी ठरवून टाकतात. वस्तुमान वर आणि मोलसंख्या व मोलर वस्तुमान खाली, असा त्रिकोण फळ्यावर काढून दिला की उदाहरणे सुटतात हे खरे. परंतु १३.५ ग्रॅम ग्लुकोज म्हणजे ०.०७५ मोल, असे बरोबर उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला हे रूपांतर मुळात कशासाठी केले, असे विचारले तर तो गप्प राहतो. दोष त्याच्या गणिताचा नाही. ग्रॅम सोडून मोलकडे जाण्याची गरज त्याला कधी दिसलेलीच नसते.

ही गरज दाखविणारे उदाहरण प्रत्येक मेडिकल दुकानात थोड्या पैशांत मिळते. ते म्हणजे जलसंजीवनीची, अर्थात ओआरएसची, पुडी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ पासून शिफारस केलेल्या सूत्रानुसार एक लिटर पाण्यासाठी सोडियम क्लोराईड २.६ ग्रॅम, निर्जल ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९ ग्रॅम, असे एकूण २०.५ ग्रॅम मिश्रण लागते. हे आकडे फळ्यावर लिहून वर्गाला विचारावे : या प्रमाणात काही मेळ दिसतो काय? ग्रॅममध्ये पाहिले तर काहीच दिसत नाही. साखर मिठाच्या पाचपटीहून अधिक आहे, एवढेच.

आता रूपांतर करावे. ग्लुकोजच्या रेणूत सहा कार्बन, बारा हायड्रोजन व सहा ऑक्सिजन; म्हणून एका मोलचे वस्तुमान ७२ + १२ + ९६ = १८० ग्रॅम. १३.५ भागिले १८० म्हणजे ०.०७५ मोल, अर्थात ७५ मिलिमोल. सोडियम क्लोराईडचे मोलर वस्तुमान ५८.५, २.६ ग्रॅम म्हणजे सुमारे ४४ मिलिमोल. विद्यार्थी येथेच थांबून सोडियम ४४ आणि ग्लुकोज ७५ असे लिहितात. परंतु सोडियम केवळ मिठातून येत नाही. ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेटचे मोलर वस्तुमान २९४ आहे (२५८ अधिक पाण्याच्या दोन रेणूंचे ३६), म्हणून २.९ ग्रॅम म्हणजे जवळजवळ १० मिलिमोल. नावातील 'ट्राय' हा शब्द येथे कामी येतो : एका सायट्रेटमागे तीन सोडियम, म्हणजे ३० मिलिमोल. बेरीज ७४ ते ७५. ग्लुकोज ७५, सोडियम ७५. ग्रॅममध्ये लपलेली समानता मोलमध्ये उघड झाली.

ही समानता योगायोगाची नाही. लहान आतड्याच्या आतील पेशींवर एक वाहक प्रथिन असते. ते ग्लुकोज आणि सोडियम यांना एकत्रच आत घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषले जाते. पटकीसारख्या अतिसारातही हा मार्ग शाबूत राहतो. म्हणून नुसते पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी पाजून जे साधत नाही ते या मिश्रणाने साधते. वाहकाला साखर किती ग्रॅम आहे याच्याशी कर्तव्य नसते. तो कण उचलतो. म्हणूनच संघटनेच्या निकषात ग्लुकोजचे मोल सोडियमच्या मोलइतके तरी असावेत, पण लिटरमागे १११ मिलिमोलहून अधिक नसावेत, अशी भाषा आहे.

वरच्या मर्यादेचे कारण परासरण. परासरण दाब द्रावणातील कणांच्या संख्येवर अवलंबून असतो, त्यांच्या वजनावर नव्हे. वर्गाकडून पूर्ण बेरीज करून घ्यावी : सोडियम ७५, क्लोराईड ६५ (मिठातील ४४ व पोटॅशियम क्लोराईडमधील २०, मोजमापाच्या आसन्नतेसह), ग्लुकोज ७५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०. एकूण २४५. मीठ पाण्यात गेले की त्याच्या एका सूत्र-एककाचे दोन आयन होतात, ग्लुकोज मात्र अखंड रेणूच राहतो. हा फरक ज्याला कळला नाही त्याची बेरीज चुकते, आणि ती चूक पाहूनच शिक्षकाला विद्यार्थ्याची अडचण नेमकी कळते. म्हणून 'किती मोल?' या प्रश्नाच्या जोडीला 'कशाचे मोल?' हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला गेला पाहिजे. त्रिकोणाच्या पद्धतीत हा दुसरा प्रश्न कधीच येत नाही. तिची खरी उणीव हीच.

कणांची प्रत्यक्ष संख्या काढणे ही यापुढची पायरी होय, आणि तिच्यावर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण असतात. २० मे २०१९ पासून हा आकडा (६.०२२१४०७६) व्याख्येनेच निश्चित केलेला आहे, त्यापूर्वी, १९७१ पासून, १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंच्या संख्येवरून मोल ठरत असे. जुन्या पुस्तकांत अद्याप तीच व्याख्या आढळते. ०.०७५ ने गुणले की लिटरभर जलसंजीवनीतील ग्लुकोजचे रेणू मिळतात : ४.५ गुणिले १० चा २२ वा घात. ग्रॅमला थेट या अंकाने गुणण्याची चूक सर्रास होते. एकसारख्या नाण्यांची पिशवी तोलून नाण्यांची संख्या काढायची तर आधी एका नाण्याचे वजन ठाऊक हवे, एवढे सांगितले तरी ती बरीच कमी होते.

रूपांतर न कळल्याची किंमत कधी कधी गुणांपेक्षा मोठी असते. लिटरची पुडी घरी पेल्यात कालविली जाते, हे आरोग्यसेवकांच्या परिचयाचे आहे. २०० मिलिलिटरच्या पेल्यात ती रिकामी केली तर प्रत्येक संहती पाचपट होते : सोडियम ३७५, एकूण कण १२२५. रक्तातील सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असते. इतके तीव्र द्रावण आतड्यात पाणी आत घेण्याऐवजी बाहेर ओढते आणि बालकाच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. हेच विद्यार्थी पुढे परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ होतात. 'एक लिटर' ही सूचना का पाळायची ते त्यांना आकड्यांनी सांगता आले पाहिजे.

या पुडीचा इतिहासही रूपांतराच्या उदाहरणांनीच भरलेला आहे. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेवाटे देण्याचे द्रावण अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी तोंडावाटे द्रावण देण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या देखरेखीखाली मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांपर्यंत उतरले. (२०२२ मध्ये त्यांचे निधन झाले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.) त्यांचे लिटरचे प्रमाण होते : ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ ३.५ ग्रॅम, खाण्याचा सोडा २.५ ग्रॅम. १९७५ पासून जागतिक संघटनेने स्वीकारलेल्या सूत्रात मीठ आणि सोडा तेवढाच, पोटॅशियम क्लोराईडची १.५ ग्रॅमची भर, पण ग्लुकोज २० ग्रॅम.

मग ग्लुकोज दोन ग्रॅमने कमी केले काय? हा प्रश्न वर्गावर सोपवावा आणि थोडा वेळ उत्तर देऊ नये. बनगावला वापरलेले ग्लुकोज बाजारातील मोनोहायड्रेट होते, त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचा एक रेणू असतो व मोलर वस्तुमान १९८ होते. २२ भागिले १९८ म्हणजे १११ मिलिमोल. निर्जल ग्लुकोजचे २० भागिले १८०, तेही १११ मिलिमोल. तराजूवर फरक आहे, रेणूंच्या मोजणीत नाही.

सोड्याचेही तसेच. दमट हवेत सोड्याच्या पुड्या टिकत नसत, म्हणून १९८४ मध्ये त्याची जागा २.९ ग्रॅम सायट्रेटने घेतली. सोडियम बायकार्बोनेटचे मोलर वस्तुमान ८४, २.५ ग्रॅमचे सुमारे ३० मिलिमोल, आणि प्रत्येकात सोडियम एक. सायट्रेटचे १० मिलिमोल, प्रत्येकात सोडियम तीन. मिठाचे ६० धरून दोन्ही पुड्यांत सोडियम ९०. २००२ मध्ये ते ७५ वर आणले गेले आणि कणांची एकूण बेरीज ३११ वरून २४५ झाली. जुन्या पुडीची ती ३११ ची बेरीज विद्यार्थ्यांनी गृहपाठ म्हणून स्वतः मांडून आणावी.