एक अधिक एक दोनच का?

तत्त्वज्ञान म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग आणि गणित म्हणजे रोखठोक हिशेब, असं सर्रास मानलं जातं. पण गणितानं मोठी झेप घेतली, तेव्हा पुष्कळदा आधी कुणीतरी तत्त्वज्ञाचा प्रश्न विचारलेला होता. त्याचे हे सहा मासले.

१. पुरवणीतलं गणित
तत्त्वज्ञ रने देकार्तनं १६३७ मध्ये विचार कसा करावा यावर पुस्तक लिहिलं. सगळ्यावर शंका घेतली तरी शंका घेणारा ‘मी’ उरतोच, हा त्याचा गाजलेला निष्कर्ष त्यातलाच. त्याच पुस्तकाला भूमितीची पुरवणी जोडलेली होती. आकृत्या समीकरणांत मांडायची रीत आणि अज्ञात राशींना एक्स, वाय, झेड म्हणायचा प्रघात तिथून रुळला.

२. बिशपची हरकत
न्यूटनच्या कलनशास्त्राची उत्तरं बरोबर येत होती. पण बिशप आणि तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कलीनं १७३४ मध्ये विचारलं: ज्या सूक्ष्म राशीनं आधी भागता, तीच नंतर शून्य समजून सोडून कशी देता? हरकत बिनतोड होती. पुढे कोशी आणि वायरश्ट्रास या गणितींनी ‘लिमिट’ची काटेकोर व्याख्या केली, तेव्हा कुठे तिचं निरसन झालं.

३. ‘दोन’ राहतात कुठे?
दोन आंबे आहेत. मग दोनपण या आंब्यात की त्या? एकेकट्या आंब्यात तर ते नाही! नव्यन्याय या भारतीय तर्कपरंपरेच्या पंडितांनी यासाठी ‘पर्याप्ति’ नावाचा संबंध मानला: दोनपण दोघांत मिळूनच पुरं होतं. संख्या नेमकी कशाची असते, या प्रश्नाशी जर्मनीत गॉटलोब फ्रेगही १८८४ मध्ये झुंजत होता.

४. एका पत्राचा तडाखा
अंकगणित तर्कशास्त्राच्या पायावर उभारू पाहणाऱ्या फ्रेगच्या ग्रंथाचा दुसरा खंड छापखान्यात असताना, १९०२ मध्ये, तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलचं पत्र आलं. स्वतःचे घटक नसलेल्या सर्व संचांचा संच घ्या. तो स्वतःचा घटक आहे का? ‘हो’ म्हटलं तर ‘नाही’ निघतं, ‘नाही’ म्हटलं तर ‘हो’! फ्रेगचा पायाच डळमळला. मग रसेल आणि गणिती व्हाइटहेड यांनी तीन खंडांत नवा पाया रचला. १ + १ = २ जवळ पोचायला पहिल्या खंडाची ३७९ पानं लागली, आणि पुरी सिद्धता आली दुसऱ्या खंडात.

५. ‘नाही’तून निघालेलं यंत्र
१९३१ मध्ये तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेलनं दाखवलं की अंकगणिताचे नियम कितीही नीट बांधा, ते परस्परविरोधी नसतील तर काही विधानं त्यांतून सिद्धही होणार नाहीत आणि खोटीही ठरणार नाहीत. मग कोणतं विधान सिद्ध होईल, हे ठरवणारी ठरावीक यांत्रिक रीत तरी असेल का? त्याचं उत्तर शोधताना अ‍ॅलन ट्युरिंगनं १९३६ मध्ये एक काल्पनिक यंत्र मांडलं. उत्तर ‘नाही’ आलं, पण संगणकाचा सैद्धांतिक आराखडा हाती लागला.

६. तर्कशास्त्राच्या तासाची कमाई
विचारांचे नियम बीजगणितात बसवायचा घाट जॉर्ज बूलनं १८५४ मध्ये घातला. ते तर्कशास्त्र क्लॉड शॅननला मिशिगन विद्यापीठात भेटलं, तेही तत्त्वज्ञानाच्या वर्गात. १९३७ मध्ये, २१ व्या वर्षी, त्यानं ते विजेच्या स्विचांना लावून दाखवलं. आजच्या डिजिटल सर्किटांची मांडणी त्याच तर्कावर चालते.

आता तुमची पाळी
माणूस जन्मालाच आला नसता, तरी १७ ही मूळ संख्या असती का? ‘हो’ म्हणालात तर तुम्ही संख्या माणसावाचूनही असतात असं मानणाऱ्या प्लेटोच्या बाजूचे. ‘नाही’ म्हणालात तर गणित ही मनाची निर्मिती मानणाऱ्या डच गणिती ब्रौवरच्या. हा वाद अजून मिटलेला नाही आणि त्यात उतरायला गणितातले मार्क कुणी विचारत नाही.